‘मशीनमध्ये नाव येत नाही’ : रेशन अडलं तर काय करायचं?

रेशन दुकानात नकार मिळतो तो नेहमी तोंडी. “मशीनमध्ये नाव येत नाही.” “कोटाच आला नाही.” “तहसीलला जाऊन या.” तहसीलला गेलं की तिथला कारकून म्हणतो, “दुकानदाराला विचारा.” या फेऱ्यांमध्ये एक दिवसाची मजुरी बुडते, मग दुसऱ्या दिवसाची, आणि एक दिवस माणूस जाणंच सोडून देतो. धान्य कायमचं सुटण्याचं सर्वांत मोठं कारण माझ्या मते हेच आहे. नकार कुठेही कागदावर येत नाही, म्हणून त्याची जबाबदारीही कुणाची नसते.

तेव्हा धान्य अडलं की आधी नेमकं कुठे अडलं ते ओळखायचं आणि मग ते त्या जागच्या माणसाकडून लिहून घ्यायचं. हे महाराष्ट्रात कसं जमवायचं, ते पाहू.

कार्ड हातात आहे, पण हक्क आहे का?

बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो. घरात रेशनकार्ड आहे म्हणजे धान्य मिळणारच, असं नाही. कार्ड म्हणजे शिधापत्रिका, आणि ती तीन रंगांत मिळते : पिवळी, केशरी आणि शुभ्र. पूर्वी रंग हीच ओळख होती. वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळं, त्याच्यावर एक लाखापर्यंत केशरी, एक लाखापुढे शुभ्र. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ आला, १ फेब्रुवारी २०१४ पासून तो महाराष्ट्रात लागू झाला, आणि तेव्हापासून धान्य रंगावर ठरत नाही. ते ठरतं तुमचं कुटुंब या कायद्याच्या यादीत आहे की नाही, त्यावर.

यादीत दोन प्रकारची कुटुंबं आहेत. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, घरात माणसं कितीही असोत. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. म्हणजे एकटी राहणारी म्हातारी अंत्योदयमध्ये असेल तर तिला ३५ किलो, आणि आठ माणसांच्या अंत्योदय घरालाही ३५ किलोच. तेच आठ जणांचं घर प्राधान्यमध्ये असतं तर ४० किलो मिळाले असते. हा हिशेब ठाऊक नसल्यामुळे “शेजारणीला जास्त, आम्हाला कमी” अशी भांडणं दुकानासमोर होतात, आणि त्यात दुकानदाराचा काही दोष नसतो.

केशरी कार्डांत तर दोन जाती आहेत. ज्यावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का आहे त्या केशरी कार्डावर धान्य मिळतं. शिक्का नसलेलं केशरी कार्ड एपीएलमध्ये, म्हणजे दारिद्र्यरेषेवरच्या गटात मोडतं, त्यावर कायद्याचं धान्य नाही. अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर हे दोन विभाग आणि वर्धा जिल्हा मिळून आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या एपीएल केशरी शेतकऱ्यांना २०१५ पासून सवलतीचं धान्य मिळत होतं. २०२३ पासून त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये बँक खात्यात जमा करायचं ठरलं, आणि पुढे ते १७० रुपये झाले. त्यामुळे या जिल्ह्यांतला शेतकरी “आमचं रेशन बंद झालं” म्हणतो तेव्हा पहिला प्रश्न दुकानाचा नसून बँक खात्याचा असतो. खातं दिलं आहे का, ते आधारला जोडलं आहे का, पैसे भलत्याच खात्यात तर जात नाहीत ना, हे आधी बघा.

आपण यादीत आहोत का, हे बघायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. कार्डाला एक बारा अंकी क्रमांक असतो, दुकानदार त्याला ‘आरसी नंबर’ म्हणतात. तो ‘मेरा राशन’ या मोबाइल ॲपमध्ये किंवा महाराष्ट्राच्या ई-पॉस (दुकानातल्या अंगठा लावायच्या मशीनच्या) संकेतस्थळावर टाकला की योजना कोणती, घरातल्या कोणाकोणाची नावं चढली आहेत, या महिन्याचं धान्य किती आणि ते उचललेलं दाखवतंय का, सगळं दिसतं. शाळकरी पोर हे दोन मिनिटांत काढून देईल. दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं करून जा. “नाव येत नाही” हे वाक्य खरं की खोटं, ते तिथेच कळतं.

‘इष्टांक संपला’ म्हणजे काय

समजा, उत्पन्न कमी आहे, घरात कमावतं कुणी नाही, तरी नाव यादीत नाही. तहसीलला विचारलं की उत्तर येतं, “इष्टांक शिल्लक नाही.” हे उत्तर अनेकदा खरं असतं, आणि म्हणूनच ते समजून घेतलं पाहिजे.

कायद्याने प्रत्येक राज्याला लाभार्थ्यांची कमाल संख्या ठरवून दिली आहे, तिलाच इष्टांक म्हणतात. महाराष्ट्रात ग्रामीण भागातल्या ७६.३२ टक्के आणि शहरी भागातल्या ४५.३४ टक्के लोकांना धान्य द्यायचं, असं ते गणित. पण टक्के कशाचे? २०११ च्या जनगणनेचे. त्यातून आकडा निघाला सुमारे ७ कोटी १६ हजार, आणि तो तिथेच थांबला. २०११ नंतर जन्मलेली मुलं आज कुठल्या तरी इयत्तेत शिकत आहेत, पण राज्याच्या यादीला त्यांच्यासाठी जागा वाढलेली नाही. हा ७ कोटींचा आकडा जिल्ह्यांना, तिथून तालुक्यांना वाटलेला आहे. तुमच्या तालुक्याचा वाटा भरला की नवं नाव थांबतं.

उत्पन्नाची मर्यादाही तेव्हाचीच. प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये, हे आकडे २०१३ च्या शासन निर्णयातले. दिवसाला तीनशे रुपये मजुरी धरली तर दीडशे दिवस काम मिळालेला एकटा मजूरसुद्धा ग्रामीण मर्यादा ओलांडतो. हे आकडे आजच्या काळात कुणाला गरीब ठरवतात आणि कुणाला वगळतात, याची चर्चा विधानसभेत व्हायला हवी. अर्जदाराने ती कारकुनाशी करून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं.

मात्र इष्टांकाच्या नावाखाली अर्जच न घेणं चुकीचं आहे. जागा सतत रिकाम्या होत असतात. माणसं मरतात, गाव सोडून जातात, दुबार नावं निघतात, ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, न झालेली नावं गळतात. जुलै २०२५ मध्ये केंद्राने रेशनच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली. अर्ज आलेल्या क्रमाने घ्यायचे आणि प्रतीक्षा यादी लोकांना पाहता येईल अशी ठेवायची, असं त्यात आहे. तेव्हा अर्ज द्या, पोच घ्या आणि लेखी विचारा : तालुक्याचा इष्टांक किती, त्यातला भरला किती, माझा क्रमांक कितवा? या तीन प्रश्नांची उत्तरं कार्यालयात असतात. ती देता येत नसतील तर “शिल्लक नाही” हे वाक्य तपासून बघण्यासारखं आहे.

अंत्योदयचंही असंच आहे. निराधार विधवा, दुर्धर आजारी, अपंग, कुणाचा आसरा नसलेले साठीपुढचे वृद्ध, भूमिहीन मजूर यांच्यासाठीच ही योजना आहे; ती डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन आदिम जमातींच्या कुटुंबांचा तिच्यावर थेट हक्क आहे. रायगड-ठाण्याच्या वाड्यांवर आजही अशी कातकरी घरं सापडतात ज्यांच्याकडे कार्डच नाही, कारण वीटभट्टीच्या हंगामात घर हलतं आणि रहिवासाचा पुरावा मागे राहतो. अशा वेळी ग्रामपंचायत किंवा तलाठ्याकडून स्थानिक चौकशी करून अहवाल घ्या, अशी लेखी मागणी करता येते.

सुनेचं नाव, बाळाचं नाव

ही तक्रार छोटी वाटते, पण तालुक्याच्या पुरवठा शाखेतली निम्मी गर्दी हिच्यासाठीच असते, असा माझा अंदाज आहे. मुलगी लग्न होऊन सासरी आली. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला घेतला, सासरच्या कार्डात वाढवायला दिला. महिने उलटतात, नाव चढत नाही. बहुतेक वेळा घडलेलं असतं ते असं : माहेरच्या तालुक्यात कागदावर नाव खोडलं गेलं, संगणकावर तसंच राहिलं. एक आधार क्रमांक दोन कार्डांत बसत नाही, म्हणून सासरची नोंद संगणक परत पाठवतो. सासरच्या कार्यालयात कितीही खेटे घाला, काम होणार नाही. अडचण माहेरच्या तहसीलमध्ये आहे आणि अर्ज तिथेच करायला हवा. माहेरचा आरसी नंबर ॲपमध्ये टाकून तिचं नाव अजून दिसतंय का, हे बघितलं की कोडं सुटतं. अंतर लांब असेल तर भावाला किंवा वडिलांना अर्ज घेऊन पाठवा.

बाळाला जन्मदाखला आणि आधार लागतं. मूल वाढतं तसं आधारही बदलावं लागतं. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ते दिले नाहीत तर मशीन त्या मुलाला ओळखत नाही.

वेगळे राहणारे भाऊ, सोडून दिलेली बाई, यांनाही वेगळं कार्ड मागता येतं. वेगळी चूल हा मुद्दा आहे, मोठ्या भावाची किंवा नवऱ्याची संमती नाही. आणि हो, कायद्याच्या कलम १३ प्रमाणे १८ वर्षांवरची घरातली सर्वांत मोठी बाई ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख असते. “मालकांना घेऊन या” असं कुणी म्हटलं तर मालकीणच समोर उभी आहे, असं सांगा.

अंगठा उमटत नाही

दुकानातल्या ई-पॉस मशीनवर घरातल्या कुणाही एकाचा अंगठा जुळला की महिन्याचं धान्य मिळतं. तो जुळतोच असं नाही. ऊसतोड, वीटभट्टी, कापूस वेचणी, धुणीभांडी करणाऱ्यांची बोटं घासलेली असतात, म्हाताऱ्यांच्या रेषा पुसट झालेल्या असतात. दुसरं बोट लावून बघा, हात धुऊन कोरडे करून बघा, कार्डातलं दुसरं माणूस पाठवा. नव्या मशीनना डोळ्याची बुबुळं तपासायची सोय आहे, तीही मागा.

एवढं करूनही जमलं नाही तर? इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण दुकानदार ती सांगत नाहीत आणि पुष्कळांना ती माहीतही नसते. २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी भुकेने गेली, असं तिच्या आईने सांगितलं. आधार जोडलं नाही म्हणून त्या घराचं रेशनकार्ड रद्द झालेलं होतं. देशभर गदारोळ झाला. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राच्या अन्न विभागाने सर्व राज्यांना कळवलं की केवळ आधार नाही, किंवा अंगठा जुळला नाही, किंवा नेटवर्क नाही, एवढ्या कारणावरून खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारायचं नाही आणि यादीतून काढायचं नाही. मोबाइलवर येणारा ओटीपी, किंवा आधार व रेशनकार्ड प्रत्यक्ष पाहून वेगळ्या नोंदवहीत नोंद, असे पर्याय आहेत. म्हणजे “अंगठा लागत नाही, जा” हा नकार नियमात बसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या किंवा अपंगाच्या वतीने धान्य उचलायला दुसऱ्या व्यक्तीची नोंद करण्याचीही सोय आहे. त्यासाठी पुरवठा शाखेत अर्ज करायचा.

सर्व्हरचं रडगाणं वेगळं. तो बंद पडतो तेव्हा दुकानदारही हतबल असतो. ऐन महिनाअखेरीला असं झालं तर वाटपाला मुदतवाढ आहे का किंवा मशीनशिवाय वाटपाची परवानगी आली आहे का, हे तहसीलला विचारा. २०२४ च्या पावसाळ्यात यंत्रणा राज्यभर कोलमडली तेव्हा अशी परवानगी देण्यात आली होती.

ई-केवायसी मात्र टाळू नका. ती महिन्याच्या अंगठ्याहून वेगळी आहे. कार्डातल्या प्रत्येक माणसाने दर पाच वर्षांनी स्वतः ओळख पटवायची, पाच वर्षांवरच्या मुलांनीही. मुदती पुन्हा पुन्हा वाढत गेल्या म्हणून लोक ढिले पडले. पण यातून नाव गळलं तर ते परत चढवायला फार वेळ जातो. ती कोणत्याही रेशन दुकानात होते, गावच्याच दुकानात जायला हवं असं नाही, आणि तिला पैसे पडत नाहीत. ‘मेरा ई-केवायसी’ ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्याही करता येते. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या पोराने तिथल्या दुकानात जाऊन यावं, तेवढ्यासाठी एसटीचं तिकीट काढून गावी यायची गरज नाही.

२०२५ च्या त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आहे. सलग सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं थांबवलं जातं. मग तीन महिन्यांत घरी येऊन पडताळणी आणि ई-केवायसी करायची, असा नियम. त्यामुळे स्थलांतर करणाऱ्यांनी आणि दीर्घ आजारपणात अडकलेल्या घरांनी निदान अधूनमधून धान्य उचलत राहावं. ‘तात्पुरतं थांबलं’ आणि ‘रद्द झालं’ यांतला फरकही ओळखा. थांबलेलं कार्ड पडताळणीने सुरू होतं. रद्द करायचं तर आधी नोटीस देऊन तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. केंद्राने २०२५ मध्ये आयकर भरणारे, कंपन्यांचे संचालक अशांची संशयित नावं राज्यांकडे तपासणीला पाठवली. त्या यादीत नाव येणं म्हणजे अपात्र ठरणं नव्हे. नोटीस आली तर घाबरून घरी न ठेवता उत्पन्नाचा दाखला जोडून मुदतीत उत्तर द्या.

दुकानात

१ जानेवारी २०२३ पासून अंत्योदय आणि प्राधान्य या दोन्हींना धान्य पूर्ण मोफत आहे, आणि २०२४ पासून ते पुढे पाच वर्षांसाठी वाढवलेलं आहे. पूर्वीचे तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये हे दर आता द्यायचे नाहीत. अंत्योदयवाल्यांना कार्डामागे एक किलो साखर २० रुपयांना मिळते, तेवढेच पैसे. हमाली, मशीनचा खर्च, कागदाचा खर्च या नावाने काही मागितलं तर ते बेकायदा आहे. साबण-चहापत्ती घेतली तरच धान्य, हेही चालत नाही. दुकानदाराला तुमचं कार्ड स्वतःजवळ ठेवून घेता येत नाही.

वजनाचं काय? मशीनमधून निघणारी पावती मागा, मागितल्याशिवाय ती बहुधा मिळत नाही. पावतीवर २५ किलो आणि पिशवीत २३, असं असेल तर शेजारच्या किराणा दुकानात वजन करून, फोटो काढून ठेवा. दुकानदारांची बाजूही आहे. गोदामातून येणारी गोणी भरतीला कमी असते, ही त्यांची जुनी तक्रार, आणि क्विंटलमागे दीडशे-पावणेदोनशे रुपये कमिशनमध्ये दुकान चालवणं सोपं नाही. ती तक्रार खरी असेलही, पण तिची भरपाई आपल्या पिशवीतून व्हायचं कारण नाही.

साठा, दर, माणशी प्रमाण आणि तक्रार कुठे करायची, याचा फलक दुकानाबाहेर लावणं बंधनकारक आहे. “कोटा आला नाही” म्हटलं तर ई-पॉस संकेतस्थळावर त्या दुकानाला महिन्याचा किती माल मंजूर झाला, किती वाटला, हे बघता येतं.

मधल्या काळात ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून गावोगावी व्हिडिओ फिरले. तो पोषणतत्त्वं मिसळलेला तांदूळ असतो. शंभर दाण्यांत एखादा दाणा लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व घालून बनवलेला असतो आणि रंगाने थोडा वेगळा दिसतो. तो वेचून फेकायचा नाही. जाळी लागलेला, कुजका, दगडमातीचा माल ही मात्र खरी तक्रार आहे, आणि तो बदलून मागता येतो.

बाहेरगावी असाल तर

बीडचं ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमाराला सांगली-कोल्हापूरकडे निघतं, काही बेळगावकडे. म्हातारी गावी राहते. ‘एक देश एक रेशनकार्ड’ याच माणसांसाठी आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याची सुरुवात राज्यांच्या ज्या दोन जोड्यांनी झाली त्यातली एक महाराष्ट्र-गुजरातची होती. कार्ड बीडचं असलं तरी धान्य देशातल्या कोणत्याही रेशन दुकानात उचलता येतं. आणि सगळं एकाच ठिकाणी उचलायचं बंधन नाही. अर्धं म्हातारीने गावी, उरलेलं तुम्ही फडाजवळच्या दुकानात, असं चालतं.

“बाहेरच्यांसाठी माझ्याकडे माल नाही” हे फडाजवळच्या दुकानदाराचं ठरलेलं उत्तर. मशीनवर तुमची नोंद झाली की तेवढा माल त्याला हिशेबात धरला जातो, त्यामुळे त्याचं नुकसान नाही. दुसऱ्या राज्यात मात्र फक्त गहू-तांदळासारखं कायद्यातलं धान्य मिळतं. साखर गावच्याच दुकानात.

लिहा, पोच घ्या, वर चढा

आता मुख्य गोष्ट. दुकानात नकार मिळाला, कारण कळलं, आता काय? फोन सर्वांत सोपा : १९६७ किंवा १८००-२२-४९५० हे राज्याचे नि:शुल्क क्रमांक आहेत. तक्रार क्रमांक मागून लिहून ठेवा, नाहीतर तो फोन केवळ गप्पा ठरतो. पण फोनवर थांबू नका. कागद करा.

तालुक्याला कागद जातो तहसीलदारांच्या नावे, पुरवठा शाखेत. पुण्यासारख्या शहरात परिमंडळ कार्यालय असतं, मुंबई-ठाण्यात शिधावाटप अधिकारी. मजकूर लांब नको, आणि वकिलाची गरज नाही :

“माझा शिधापत्रिका क्रमांक ____ असून माझे कुटुंब प्राधान्य/अंत्योदय योजनेत समाविष्ट आहे. दि. ____ रोजी रास्त भाव दुकान क्र. ____ येथे धान्य घेण्यास गेले असता ‘____’ असे कारण तोंडी सांगून धान्य नाकारण्यात आले. तरी सदर नकाराचे कारण मला लेखी कळवावे, माहे ____ चे देय धान्य देण्यात यावे, आणि ते न दिल्यास राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम ८ अन्वये अन्न सुरक्षा भत्ता मिळावा.”

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर तीच प्रत पोस्टाने रजिस्टर करून पाठवा, पोस्टाची पावती हीच पोच. कार्ड, नाव वाढवणं, नाव कमी करणं या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये येतात. त्यांची मुदत कार्यालयाच्या फलकावर लिहिलेली असायला हवी. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपील म्हटलं की लोक बिचकतात. प्रत्यक्षात तोही एक साधा अर्जच असतो, त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबाकडे. एजंटाला पैसे मोजण्यापेक्षा तो खूप स्वस्त पडतो, कारण कार्डाचं सरकारी शुल्क नाममात्र असतं.

धान्याचाच प्रश्न असेल तर तालुक्याच्या वर जिल्हा पुरवठा अधिकारी आहेत. आणि अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात एक जिल्हा तक्रार निवारण अधिकारी नेमायला सांगितलं आहे. कलम १५ प्रमाणे तो सुनावणी घेऊन निकाल देतो. त्याचा निकाल पटला नाही तर महाराष्ट्र राज्य अन्न आयोगाकडे जाता येतं. चौकशीपुरते आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याने सांगितलेला दिलासा कर्मचाऱ्याने सबळ कारणाशिवाय दिला नाही, तर आयोग त्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो. अंगणवाडीतला पोषण आहार आणि शाळेतलं जेवणही याच कायद्यात आहे, त्यामुळे त्यांच्या तक्रारीही याच दारात नेता येतात.

दुकानाचा माल काळ्या बाजारात जातोय असा संशय असेल तर हे प्रकरण जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली जातं आणि पोलिसांपर्यंत पोहोचतं. एकट्याने त्यात पडू नका, गावातले पाच-दहा कार्डधारक मिळून सह्यांनिशी तक्रार करा. आधी माहिती अधिकारात दुकानाची साठा नोंदवही मागवता येते. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तीही माफ. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. दर दुकानाला दक्षता समितीही असते. तिचे सदस्य कोण आहेत, हे गावात विचारून बघा. काही ठिकाणी सदस्यांनाच ते ठाऊक नसतं.

वरच्या नमुन्यातली भत्त्याची ओळ गाळू नका. ज्या महिन्याचं धान्य देय असूनही मिळालं नाही, त्याच्याबद्दल पैसे देण्याची जबाबदारी राज्य सरकारवर आहे. २०१५ च्या नियमांप्रमाणे धान्याच्या हमीभावाच्या सव्वापट रकमेतून कायद्यातला सवलतीचा दर वजा करायचा आणि न मिळालेल्या किलोंनी गुणायचं, असा हिशेब आहे. २५ किलोंचा हा आकडा काही शे रुपयांच्या घरात जातो. रक्कम फार मोठी नाही. पण ही मागणी कागदावर आली की “पुढच्या महिन्यात बघू” म्हणणाऱ्याला त्या फाइलवर काहीतरी लिहावंच लागतं : धान्य देय होतं की नव्हतं, आणि नव्हतं तर का नव्हतं.